दाद लागायला २८ वर्षे

सोलापूरच्या पूर्व भागात एखादे गाणे ऐकायचे म्हटले, तर त्याचे मागाच्या खटखटीशी जमते का हे आधी पाहावे लागते. सिक्स्टो रॉड्रिगेझचा 'कोल्ड फॅक्ट' हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तो २०१३ च्या उन्हाळ्यात, एका मित्राच्या माळ्यावर. खाली त्याच्या चार मागांवर टॉवेल विणले जात होते, वर पंखा गरम हवा फिरवीत होता आणि मोबाइलला जोडलेल्या लहानशा स्पीकरमधून अमेरिकेतील डेट्रॉइटचा हा गायक अत्यंत स्वच्छ, जवळजवळ निर्विकार आवाजात गात होता. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्याच्यावरील 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' या माहितीपटाला ऑस्कर मिळाले होते आणि मित्राने तो माहितीपट कोठून तरी मिळवून आदल्या रात्रीच पाहिला होता. गाणे लावण्याआधी तो मला म्हणाला, "ऐक बे, हा माणूस इकडं घरं पाडायची कामं करत होता, अन् तिकडं आफ्रिकेत ह्याच्या रेकॉर्डी घरोघर." म्हणजे पहिला सूर कानावर पडण्याआधी गोष्ट कानावर पडली होती. तेव्हापासून आजपर्यंत मी ही गाणी त्या गोष्टीपासून सोडवून ऐकण्याचा प्रयत्न करीत आलो आहे, आणि तो कितपत साधला याविषयी हे लिहीत आहे.

मराठीत 'दाद' हा शब्द दोन दिशांनी चालतो. मैफलीत आपण दाद देतो आणि कचेरीत दाद मागतो. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ न्याय असा आहे, त्यामुळे एखाद्या कलावंताला दाद मिळाली नाही असे म्हणताना त्याच्यावर अन्याय झाला असेही आपण नकळत म्हणून जातो. रॉड्रिगेझच्या दोन अल्बमविषयी अलीकडे जे लिहिले गेले, त्यातील पुष्कळसे लेखन या दोन अर्थांच्या सरमिसळीतून निघालेले आहे. एका गुणी माणसाची उपेक्षा झाली, तेव्हा आता त्याचे कौतुक करून ती भरून काढली पाहिजे, असा त्याचा सूर असतो. भरपाई करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. पण भरपाईच्या हिशेबात गाण्याचा एखादा अंतरा फसला आहे की साधला आहे, हा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही.

हकिकत थोडक्यात सांगतो, कारण ती आता बहुतेकांना माहीत आहे. रॉड्रिगेझचा जन्म १० जुलै १९४२ रोजी डेट्रॉइटमध्ये झाला. आईवडील मेक्सिकोतून आलेले, आणि सहावे अपत्य म्हणून याचे नाव सिक्स्टो. १९६७ मध्ये 'रॉड रिगेझ' अशा तोडलेल्या नावाने त्याची एक तबकडी निघाली आणि विसरली गेली. पुढे डेनिस कॉफी आणि माइक थिओडोर या दोन निर्मात्यांनी त्याला डेट्रॉइटमधील एका बारमध्ये ऐकले, तेव्हा तो श्रोत्यांकडे पाठ करून गात होता असे ते सांगतात. त्यांनी घडवलेला 'कोल्ड फॅक्ट' मार्च १९७० मध्ये क्लॅरन्स अ‍ॅव्हान्ट यांच्या ससेक्स या नव्या कंपनीने काढला. दुसरा अल्बम, 'कमिंग फ्रॉम रिअ‍ॅलिटी', लंडनमध्ये स्टीव्ह रोलंडच्या हाताखाली ध्वनिमुद्रित झाला आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये बाजारात आला. अमेरिकेत दोन्ही खपले नाहीत. माहितीपटात अ‍ॅव्हान्ट यांना अमेरिकेतील खपाचा आकडा विचारला जातो, तेव्हा ते 'सहा' असे उत्तर देतात. उत्तर विनोदाचे आहे, पण हसताना मला तरी बरे वाटले नाही. कंपनीने त्याला सोडले, १९७५ मध्ये कंपनीही बंद पडली. रॉड्रिगेझ मोडकी घरे पाडण्याची आणि दुरुस्त करण्याची कामे करीत राहिला, १९८१ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन मोकळा झाला, शहराच्या निवडणुकांना उभा राहिला आणि पडला.

आता मुद्दा असा की, १९७० साली या अल्बमच्या वाट्याला जे आले त्याला प्रतिकूल समीक्षा म्हणता येत नाही. प्रतिकूल समीक्षेसाठी कोणीतरी अल्बम दोनदा तरी ऐकावा लागतो, त्यातील दोष सापडावे लागतात आणि ते मांडण्याइतकी चीड यावी लागते. येथे तसे काहीच घडले नाही. आपल्याकडे एखादे पुस्तक निघाल्यावर त्यावर कोणी ब्र काढला नाही, तर लेखक म्हणतो की टीका केली असती तरी चालले असते, आणि ते अगदी खरे असते. मौन हा निकाल नसतो, पण काळ जाऊ लागला की लोक त्याला निकाल समजू लागतात. आणखी पुढे, जेव्हा तो कलावंत अचानक प्रसिद्ध होतो, तेव्हा तेच मौन पूर्वीच्या समीक्षकांचा गुन्हा म्हणून दाखवले जाते. या दोन्ही टोकांना माझा आक्षेप आहे.

ससेक्स कंपनीला गाणी विकताच येत नव्हती असे म्हणावे, तर १९७१ मध्ये याच कंपनीने बिल विदर्स या नव्या गायकाला घराघरांत पोहोचवले होते. फरक मला असा दिसतो की विदर्सच्या गाण्याला कृष्णवर्णीयांच्या रेडिओ केंद्रांवर हक्काचे घर होते, आणि रॉड्रिगेझचे गाणे कोणत्या केंद्राच्या दारात नेऊन ठेवावे हेच कोणाला समजत नव्हते. नाव मेक्सिकन, गाण्याचा बाज लोकगीताचा आणि रॉकचा, मागे वाजवणारे वादक मोटाउन या डेट्रॉइटच्या प्रसिद्ध संगीत कंपनीच्या तालमीतले, आणि शब्द डेट्रॉइटच्या गल्ल्यांतले. आज हीच मिसळण आपल्याला अपूर्व वाटते. दुकानात कप्पे लावणाऱ्या माणसाला १९७० साली ती अडचण वाटली असेल, तर त्याला फार दोष देता येत नाही. शिवाय त्या काळात गिटार घेऊन समाजाला सुनावणारे तरुण इतके झाले होते की, आणखी एक आला म्हणून मान वर करून पाहण्याची निकड कोणाला नसावी.

दक्षिण आफ्रिकेत मात्र हा अल्बम वेगळ्याच रीतीने वाचला गेला. मी 'वाचला गेला' असे मुद्दाम म्हणतो. वर्णभेदाच्या राजवटीत, जगाने वाळीत टाकलेल्या आणि १९७६ पर्यंत दूरचित्रवाणीही नसलेल्या त्या देशात, गोऱ्या मध्यमवर्गातील तरुणांच्या हाती 'कोल्ड फॅक्ट' आला तो मुखपृष्ठासह आणि त्यापलीकडे कोणत्याही माहितीविना. मुखपृष्ठावर एका पारदर्शक गोळ्यात मांडी घालून बसलेला, टोपी आणि काळा चष्मा घातलेला एक माणूस. तो कोण, कोठला, जिवंत की मेलेला, काही कळायला मार्ग नाही. मंचावरच त्याने स्वतःला पेटवून घेतले अशी एक वदंता, गोळी झाडून घेतली अशी दुसरी. सरकारी नभोवाणीच्या संग्रहातील प्रतीवर 'शुगर मॅन' हे गाणे वाजू नये म्हणून त्या जागी तबकडीच ओरखडून ठेवलेली होती, आणि ती तबकडी माहितीपटात आपल्याला प्रत्यक्ष दाखवली जाते. समीक्षेच्या इतिहासात एवढा स्पष्ट अभिप्राय क्वचितच कोणी नोंदवला असेल. खिळ्याने का होईना, कोणीतरी ते गाणे नीट ऐकले होते!

त्या तरुणांनी या गाण्यांतून काय घेतले, हे माहितीपटातील मुलाखतींमधून चांगले कळते. बारा गाण्यांपैकी एकाचे नावच मुळी 'हे गाणे नव्हे, हा उद्रेक आहे' अशा अर्थाचे असून त्याला 'एस्टॅब्लिशमेंट ब्लूज' असे जोडनाव आहे. प्रस्थापित व्यवस्थेविरुद्ध बोलता येते, तसे बोलणे हे वेड नसून त्याला एक नाव आहे, ही गोष्ट आपल्याला या गाण्याने शिकवली असे ते लोक सांगतात. ऐंशीच्या दशकात आफ्रिकान्स भाषेत सरकारविरोधी गाणी करणाऱ्या काही गायकांनीही हे ऋण मान्य केले आहे. म्हणजे येथे ऐकणाऱ्यांनी अल्बमवर लेख लिहिले नाहीत, पण त्यातून एक शब्द उचलला आणि तो आपल्या देशात वापरून पाहिला. रॉड्रिगेझला मिळालेली सर्वांत गंभीर दाद मी हीच मानतो.

मात्र याच जागी माहितीपटावरचा आक्षेपही नोंदवला पाहिजे, कारण तो आक्षेप अनेक समीक्षकांनी घेतलेला आहे आणि तो रास्त आहे. दिग्दर्शक मलिक बेंजेलूल यांनी गोष्ट अशी रचली आहे की, अमेरिकेत अपयश, दक्षिण आफ्रिकेत अज्ञातपणे कीर्ती, आणि मग १९९८ मध्ये एकाएकी साक्षात्कार. त्या मांडणीत ऑस्ट्रेलिया बसत नव्हता, म्हणून तो वगळला गेला. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलियात त्याच्या निवडक गाण्यांचा संच १९७७ मध्ये निघाला होता, १९७९ मध्ये त्याने तेथे दौरा केला होता आणि १९८१ मध्ये 'मिडनाइट ऑइल' या बँडबरोबर तो पुन्हा तेथे गायला होता. त्या दौऱ्यांतून एक थेट ध्वनिमुद्रणही निघाले. म्हणजे आपण गायक आहोत हे रॉड्रिगेझ विसरला नव्हता आणि जगही त्याला संपूर्णपणे विसरले नव्हते. दुसरी उणीव याहून मोठी आहे. दक्षिण आफ्रिकेने त्याच्यावर प्रेम केले असे आपण म्हणतो तेव्हा त्या देशातील बहुसंख्य कृष्णवर्णीय प्रजा, जिचा लढा खरा लढा होता आणि जिची स्वतःची गाणी होती, ती त्या वाक्यात नसते. चित्रपटात त्याच्या तेथील मैफलीची गर्दी दिसते तेव्हा मी मुद्दाम चेहरे पाहत होतो.

गाण्याखाली नाव कोणाचे, हा या प्रकरणातील मला सर्वांत रंजक वाटलेला भाग आहे. आधीच केलेल्या एका कराराच्या अडचणीमुळे 'कोल्ड फॅक्ट'च्या लेबलवर काही गाण्यांखाली 'जीझस रॉड्रिगेझ' असे नाव आहे, काहींखाली 'सिक्स्थ प्रिन्स' असे आहे, आणि 'हेट स्ट्रीट डायलॉग' व 'गोमोरा' ही दोन गाणी तर त्याने लिहिलेलीच नाहीत, ती निर्मात्यांची आणि गॅरी हार्वी या त्यांच्या सहकाऱ्याची आहेत. दक्षिण आफ्रिकेतील शोध घेणाऱ्यांना प्रश्न पडला की हे एक माणूस आहेत की तीन. आपल्याकडे अभंगाच्या शेवटच्या चरणात 'तुका म्हणे' किंवा 'नामा म्हणे' असे विणलेले असते, ते वहीवरून वहीवर उतरताना आणि तोंडावरून तोंडावर जाताना सहसा गळून पडत नाही. राम जोशी आमच्या सोलापूरचे. पेशवाईतील या शाहिराच्या लावण्या तमाशाच्या फडांतून दोनशे वर्षे फिरल्या, तरी त्या राम जोशींच्याच राहिल्या, याचे काही श्रेय नावच गाण्यात गोवण्याच्या या रीतीला द्यावे लागेल. मानधन मिळवून देण्याची सोय नाममुद्रेत नसते, हे खरे. ती असती तर आमचे निम्मे शाहीर कर्जात मेले नसते. पण निदान कोण म्हणाले ते कळते. रॉड्रिगेझच्या बाबतीत लाखो लोक गाणे म्हणत होते आणि म्हणणारा कोण हे शोधायला 'शुगर' सेगरमन या तबकड्यांच्या दुकानदाराला आणि क्रेग बार्थोलोम्यू या पत्रकाराला शब्दांतील गावांची नावे नकाशावर ताडून पाहावी लागली. शोध लागला तो १९९७ च्या सुमारास. मार्च १९९८ मध्ये तो केपटाऊनच्या मंचावर उभा राहिला. 'कोल्ड फॅक्ट' निघाल्यापासून तोवर २८ वर्षे झाली होती.

रीतसर समीक्षा यानंतरही दहा वर्षांनी आली. त्या मधल्या काळात दाद दिली ती संगीतकारांनी. २००१ मध्ये नॅस या रॅपरने 'शुगर मॅन'चा तुकडा आपल्या गाण्यात वापरला, आणि पुढच्याच वर्षी डेव्हिड होम्स या डीजेने तेच गाणे आपल्या निवडीत घेतले. २००८ मध्ये 'लाइट इन द अ‍ॅटिक' या स्वतंत्र कंपनीने 'कोल्ड फॅक्ट' पुन्हा काढला, २००९ मध्ये दुसरा अल्बम काढला, आणि तेव्हा कोठे इंग्रजी नियतकालिकांतून त्यांची परीक्षणे लिहिली जाऊ लागली. बहुतेक परीक्षणांत बॉब डिलन या अमेरिकन गीतकार-गायकाचे नाव येते. तुलना सोपी आहे आणि म्हणूनच मला ती अपुरी वाटते. डिलनच्या गाण्यात प्रतिमा एकीवर एक चढत जातात, आवाज मुद्दाम वाकडा होतो, आणि गायक ऐकणाऱ्याच्या दोन पावले पुढे राहतो. रॉड्रिगेझ याद्या करतो. जेमतेम दोन मिनिटांच्या 'एस्टॅब्लिशमेंट ब्लूज'मध्ये तो शहराची दुखणी एकामागून एक वाचून दाखवतो, त्यात महापौर आहे, न उचललेला कचरा आहे, असुरक्षित बायका आहेत, माफिया आहे, आणि कोठेही आवाज चढत नाही. वर्तमानपत्राच्या मथळ्यांची ही यादी बातमीदाराच्या थंडपणाने म्हटली जाते, त्यामुळेच अल्बमचे नाव शोभते. डिलनऐवजी मला आमच्या येथील जुन्या कामगार सभांतील ते वक्ते आठवतात, जे भाषण करीत नसत, नुसती मागण्यांची यादी वाचत असत आणि शेवटी कागद घडी घालून खिशात ठेवीत असत.

'कोल्ड फॅक्ट' हा चांगला अल्बम आहे यात मला शंका नाही, पण तो निर्दोष उत्कृष्ट कृती आहे असे जे सरसकट म्हटले जाते त्याच्याशी मी सहमत नाही. त्याचे यश पुष्कळसे कॉफी आणि थिओडोर यांच्या वाद्ययोजनेचे आहे. 'शुगर मॅन'मध्ये ब्रास वाद्ये आणि विजेच्या यंत्रावरचे घसरते, भोवळ आणणारे स्वर ज्या रीतीने येतात, ती रीत शब्दांचा अर्थ शब्दांपेक्षा अधिक सांगते. गाण्यातील माणूस मादक पदार्थ विकणाऱ्याची विनवणी करतो आहे आणि त्याच्या डोक्यात काय चालले आहे ते वाद्ये दाखवतात. हे गाणे व्यसनाचे वर्णन करते, सल्ला देत नाही, असे रॉड्रिगेझ पुढे मंचावरून सांगत असे. तसे सांगावे लागले यात गाण्याचा दोष नाही, त्याचा परिणामच तेवढा मोहक आहे. 'आय वंडर'ची सुरुवात बॉब बॅबिटच्या बास गिटारवर उभी आहे, आणि ते चार स्वर काढून घेतले तर त्या गाण्यातील प्रश्नमालिका शाळकरी वाटू लागेल. 'क्रुसिफाय युवर माइंड' मात्र कोणत्याही वाद्यमेळाशिवाय उभे राहील. समोरच्या व्यक्तीची दया न करता तिची कीव करणे हे अवघड काम त्या गाण्यात अडीच मिनिटांत झाले आहे. याउलट निर्मात्यांनी लिहिलेले 'गोमोरा', त्यातील लहान मुलांच्या कोरससह, मला आजही ओढूनताणून वाटते, आणि 'ओन्ली गुड फॉर कॉन्व्हर्सेशन'चा जड गिटारचा सूर त्या साली जितका ताजा असेल तितका आता राहिलेला नाही. काही ओळींत यमकासाठी शब्द कोंबलेले आहेत. १९७० सालीच एखाद्या चोखंदळ समीक्षकाने हे लिहिले असते, तर त्या माणसाचे भलेच झाले असते. पुढच्या अल्बमला काहीतरी उत्तर द्यायला मिळाले असते.

पुढच्या अल्बमविषयी समीक्षकांचे साधारण मत असे आहे की तो पहिल्यापेक्षा मऊ, तंतुवाद्यांनी गुळचट झालेला, आणि धार बोथट झालेला आहे. माझा मित्रही त्याच मताचा आहे. "हे बघ, पहिल्यात रस्ता ऐकू येतो, दुसऱ्यात स्टुडिओ," असे तो म्हणतो, आणि माग चालवणाऱ्या माणसाचा कान यंत्राच्या आवाजाबाबत चुकत नाही हे मला मान्य आहे. 'सँड्रेव्हन ललबाय'ची व्हायोलिने सुरू झाली की तो उठून खाली मागाचा धागा तुटला का ते पाहायला जातो. तरीही माझे म्हणणे असे की 'कमिंग फ्रॉम रिअ‍ॅलिटी'मध्ये गीतकार म्हणून रॉड्रिगेझ अधिक मोठा दिसतो. 'अ मोस्ट डिस्गस्टिंग साँग'मध्ये एका बारमधील माणसांची मोजणी आहे. ही तीच पहिल्या अल्बममधली याद्या करण्याची पद्धत, पण आता यादीत समस्यांच्या जागी माणसे आली आहेत, आणि गाणारा स्वतः कोपऱ्यात वाजवत बसलेला आहे, कोणी न ऐकणारा, हेही त्याला माहीत आहे. शहरावर आरोप करणारा तरुण दीड वर्षात त्या शहरातील एका खुर्चीवर येऊन बसला आहे. 'आय थिंक ऑफ यू' हे साधे प्रेमगीत आहे आणि साधे असण्याची त्याला लाज वाटत नाही. या अल्बममध्ये निर्मात्याने गायकाच्या पुढे धावण्याचे टाळले आहे, निदान अर्ध्याहून अधिक गाण्यांत.

आणि शेवटचे गाणे, 'कॉज'. नाताळाला दोन आठवडे असताना काम गेले, अशा अर्थाने ते सुरू होते. पुढे घडले ते असे की, अल्बम निघाला आणि त्या नाताळाच्या सुमारासच कंपनीने खरोखर त्याच्याशी संबंध तोडले. माहितीपटात स्टीव्ह रोलंड हे गाणे लावतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. गाणे आधी लिहिलेले, घटना नंतरची, तरीही आज ते कोणीही आत्मचरित्र म्हणूनच ऐकतो. मी ज्या रीतीविरुद्ध येथवर बोलत आलो, तिचे हे सर्वांत ठळक उदाहरण आहे. जीवनकथा मागे जाऊन गाण्याच्या आत शिरते आणि मग गाण्याची तपासणी करणे निर्दयपणाचे वाटू लागते. २०१२ मध्ये माहितीपट आला, त्यानंतरच्या परीक्षणांत हे वारंवार घडलेले दिसते. परीक्षक पहिल्या परिच्छेदात केपटाऊनला जातो आणि तेथून परत अल्बमपर्यंत येतच नाही.

पण माझ्याही कबुलीजबाबाची वेळ येथे आली आहे. माझे वडील सोलापूरच्या एका गिरणीत साच्यावर होते. नव्वदच्या दशकात एके दिवशी गिरणीच्या फाटकावर नोटीस लागली, तेव्हा दिवाळीला तीन आठवडे राहिले होते. त्या वर्षी आमच्या घरी फराळ झाला, आईने तो हट्टाने केला, आणि अप्पा दुपारच्या पाळीचा भोंगा व्हायच्या वेळेला सवयीने पायांत चपला घालून दारात उभे राहत, भोंगा होत नसे, मग चपला काढून पुन्हा आत येत. 'कॉज' मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला डेट्रॉइट दिसले नाही, त्या चपला दिसल्या. दुसऱ्या अल्बमची मी जी बाजू घेतो, तिच्यात या गाण्याचा वाटा किती आणि त्या दिवाळीचा किती, हे मला नेमके सांगता येणार नाही. दक्षिण आफ्रिकेतील श्रोत्यांना गायकाची गोष्ट माहीत नव्हती म्हणून त्यांचे ऐकणे शुद्ध, असे मी बरीच वर्षे म्हणत आलो. आता वाटते की गायकाची गोष्ट त्यांच्यापाशी नव्हती, पण स्वतःची होती, आणि ती त्यांनी त्या पारदर्शक गोळ्यात बसवली. मीही तेच करतो आहे.

तरीसुद्धा भेद करता येतो, असे माझे मत आहे. 'कॉज'मधले पहिले वाक्य माझ्यावर परिणाम करते ते अप्पांमुळे. पण त्यानंतरच्या कडव्यांत तो काम गेल्याविषयी पुन्हा काहीच बोलत नाही, भलत्याच वस्तू, भलतीच माणसे, अर्धवट विनोद यांकडे वळतो आणि दुःखाचे कारण सांगायला सुरुवात करूनही कारण सांगण्याचे टाळत राहतो, ही रचना अप्पांमुळे आलेली नाही. काम गेलेला माणूस असाच बोलतो, हे मला घरून माहीत होते, एवढेच. गाण्याच्या नावातच 'कारण' हा शब्द आहे आणि कारण शेवटपर्यंत पुरे होत नाही. हे एखाद्या परीक्षणात लिहिलेले मी पाहिले असते, तर मला ही सगळी उठाठेव करावी लागली नसती.

माहितीपटानंतरच्या त्याच्या मैफलींविषयी फारसे लिहिण्यासारखे माझ्यापाशी नाही. काचबिंदूने दृष्टी अधू झालेली, वय सत्तरीपुढे, आणि समोर हजारो लोक. त्या काळातील वृत्तांतांत भारावलेपण आणि निराशा दोन्ही सापडतात, आणि ध्वनिचित्रफिती पाहिल्यावर दोन्ही समजण्याजोगी वाटतात. नव्या गाण्यांचा तिसरा अल्बम त्याने काढला नाही. ऑस्करच्या रात्री तो समारंभाला गेलाच नव्हता. जुलै २०१३ मध्ये, म्हणजे आम्ही माळ्यावर त्याची गाणी ऐकली त्याच वर्षी, डेट्रॉइट शहराने दिवाळखोरी जाहीर केली, आणि 'एस्टॅब्लिशमेंट ब्लूज'मधील यादीला ४३ वर्षांनी सरकारी शिक्का मिळाला. ८ ऑगस्ट २०२३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, रॉड्रिगेझ वारला. त्या दिवशी आलेले बहुतेक मृत्युलेख पुन्हा केपटाऊनपासूनच सुरू झाले होते.

मित्राचे चारपैकी दोनच माग आता चालू आहेत. गड्ड्याची यात्रा सुरू झाली की त्याचे पुण्याचे जावई येतात आणि घरात गर्दी होते, म्हणून गेल्या जानेवारीत आम्ही माझ्याकडे बसलो. मी दुसरा अल्बम मुद्दाम पहिल्या गाण्यापासून लावला, मध्ये उठायचे नाही अशी अट घातली, आणि शेंगाचटणी-भाकरीचे ताट त्याच्यापुढे ठेवले. व्हायोलिने सुरू झाली तेव्हा तो भाकरी मोडता मोडता थांबला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "गाणं चांगलंय बे. पण हे एवढं नक्षीकाम कुणी मागितलं होतं?" मी म्हटले, चादर विणणाऱ्याने हे विचारू नये. तो म्हणाला, चादरीची नक्षी धाग्यातच असते, वरून शिवलेली नसते. यावर मला अजून उत्तर सुचलेले नाही.